गाईखालची गादी: कंपोस्ट बिछान्याचा गोठा आपल्या पावसात कसा टिकवायचा

(सामुदायिक रेडिओवर दिलेलं भाषण)

भिवपुरी, नेरळ, कर्जत आणि तिकडे खालापूर-चौकपर्यंतच्या सगळ्या बचत गटांतल्या बायांना माझा नमस्कार.

आज विषय गोठ्याचा आहे. पण सुरुवात गाईपासून नको, आपल्यापासून करू या. पहाटे गोठ्यात शिरल्यावर तुम्ही किती पाट्या शेण उचलता, कधी मोजलंय? चारशे किलो वजनाची संकरित गाय शेण आणि मूत मिळून दिवसाला २५ किलोच्या आसपास टाकते. अशा तीन गाई असल्या तर रोजचे ७५ किलो झाले. वर्षाचे सत्तावीस टन. यातलं बरंचसं पाटीतून उकिरड्यावर जातं, आणि पाटीखालचं डोकं बहुतेक घरांत बाईचंच असतं.

एवढं करून गाय सुखात असते का? फरशी धुतली की ती ओली राहते. पावसाळ्यात तर चार महिने सुकतच नाही. गाईला दिवसातून दहा-बारा तास बसायला मिळायला हवं. बसून ती रवंथ करते, तिच्या पायांना आराम मिळतो. ओल्या, टणक फरशीवर ती तेवढी बसत नाही, ताटकळत उभी राहते. मग गुडघे सुजतात, खूर मऊ पडतात, आणि बसलीच तर कास शेणात लोळते. कासेला सूज आली की दूधही गेलं आणि औषधाचा खर्चही आला.

यावर एक पद्धत आहे, कंपोस्ट बिछान्याचा गोठा. आमच्या घरात आम्ही तिला नुसतं ‘गादी’ म्हणतो. आमच्या तीन गाई आता या गादीवर असतात. पण पहिल्या पावसाळ्यात माझी गादी पार फसली होती. ती का फसली, हेही आज सांगणार आहे. ते ऐकल्याशिवाय कुणी कामाला लागू नका.

गादी म्हणजे काय

गोठ्यात गाय बांधायची नाही, मोकळी सोडायची. तिच्याखाली फूटभर जाडीचा कोरडा थर घालायचा, भाताच्या तुसाचा, लाकडाच्या भुश्याचा किंवा दोन्ही मिसळून. त्यावर पडलेलं शेण-मूत उचलायचं नाही. दिवसातून दोन वेळा, दूध काढायला गाई बाहेर घेतल्या की तो थर खालीवर करायचा. शेण आत जातं, खालचा कोरडा भुसा वर येतो आणि मध्ये हवा भरते. या हवेवर आतले जिवाणू शेण-मूत कुजवतात. कुजताना उष्णता निघते, त्या उष्णतेनं ओल वाफ होऊन उडते आणि वरचा थर पुन्हा बसण्याजोगा कोरडा होतो.

तुम्हाला नाडेप खताचं टाकं माहीत आहे. यवतमाळकडच्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी ती पद्धत काढली, त्यांच्याच नावावरून ‘नाडेप’ हे नाव पडलं. त्या टाक्याच्या विटांमध्ये भोकं का ठेवतात? आत हवा जावी म्हणून. गादीतही तेच काम चालतं, फक्त इथे हवा भोकांतून जात नाही, आपल्या हातानं द्यावी लागते. म्हणून लक्षात ठेवा, गादीला शेण उचलायचं काम कमी आहे, पण काम नाही असं नाही. झाडू आणि पाटी सुटते, दाताळं हातात येतं. ज्या दिवशी दाताळं थांबेल, त्या दिवसापासून गादीचा उकिरडा व्हायला लागतो.

ही पद्धत आली कुठून

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या दूधवाल्यांनी १९८० नंतर असे गोठे सुरू केले. २००१ साली मिनेसोटा राज्यात असा गोठा बांधला गेला आणि मग ही पद्धत सगळीकडे पसरली. इस्रायलसारख्या कोरड्या देशातही ती चालते. तिथे ट्रॅक्टरला नांगर जोडून गादी उलटतात.

आपल्या महाराष्ट्रात तिची जवळची बहीण आहे, मुक्त संचार गोठा. सातारा, पुणे, नगर, सोलापूर या भागांत पुष्कळ घरांनी दावं सोडून गाई कुंपणात मोकळ्या केल्या. तिथे शेण उघड्यावर पडतं, उन्हानं सुकतं, गाईच्या पायांनी भुगा होतं आणि काही महिन्यांनी एकदम उचलतात. रोजचं शेण काढणं वाचतं. गटाच्या सहलीला गेलेल्या आपल्या बाया ते बघून येतात आणि म्हणतात, आपणही करू. पण थांबा. तिथे वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस. आपल्याकडे तीन हजारांच्या वर. तिकडे ऊन जे काम फुकटात करतं, ते आपल्याकडे जून ते सप्टेंबर कोण करणार? छप्पर, कोरडा भुसा आणि दाताळं, या तिघांनी मिळून ते करायचं आहे.

जागा किती लागते

इथेच सगळ्यात जास्त चूक होते. मोठ्या गाईला गादीवर ८० ते १०० चौरस फूट जागा हवी. आपल्या दमट हवेत मी १०० च्या खाली येऊ नका असंच सांगेन. तीन गाईंना ३०० चौरस फूट, म्हणजे वीस फूट लांब आणि पंधरा फूट रुंद.

आता हा आकडा सरकारी गोठ्याशी ताडून बघा. २०२१ साली सुरू झालेल्या शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत रोजगार हमीतून जो पक्का गोठा ठरवला होता, तो सहा जनावरांसाठी ७.७ मीटर लांब आणि ३.५ मीटर रुंद, म्हणजे साधारण २९० चौरस फूट. बांधलेल्या सहा गुरांना तेवढी जागा ठीक आहे. गादीवर मात्र त्याच जागेत तीनच गाई मावतील. सहा सोडल्या तर शेण-मूत दुप्पट पडणार आणि जिवाणूंना ते पचणार नाही. चार माणसांच्या भाकरी एकट्याच्या पोटात घातल्यावर काय होईल, तसं.

ज्यांच्याकडे आधीच फरशीचा गोठा आहे, त्यांनी तो मोडू नका. त्याची वैरण खाण्याची जागा करा आणि गादी शेजारी नव्या छपराखाली घाला. गव्हाण आणि पाण्याची टाकी कधीही गादीवर नको. गाय खाताना आणि पाणी पिताना खूप शेण टाकते, चौथा हिस्सा तरी तिथेच पडतो. तेवढं फरशीवरून रोज खरडून नाडेपमध्ये घालायचं. पाणी गादीवर सांडलं तर तो कोपरा पहिल्यांदा सडतो.

खाली घालायचं काय

आपला भाग भाताचा. कर्जतच्या संशोधन केंद्रानं काढलेल्या ‘कर्जत’ नावाच्या भाताच्या जाती आपण पेरतो. म्हणजे तूस आपल्या दारातलं आहे. पण त्याचे गुण-दोष समजून घ्या. तूस थर भुसभुशीत ठेवतं, हवा खेळू देतं. पाणी मात्र कमी पितं, आणि कुजायला फार वेळ लावतं. लाकडाचा बारीक भुसा पाणी चांगलं पितो. म्हणून निम्मं तूस आणि निम्मा भुसा हे मिश्रण चांगलं.

वखारीतून भुसा आणताना तीन गोष्टी बघा. तो कोरडा हवा, कारण ओल्या लाकडाच्या भुश्यात कासेची सूज आणणारे जंतू वाढतात. प्लायवूडचा किंवा औषध मारलेल्या लाकडाचा नको. आणि त्यात खिळे, तारेचे तुकडे नकोत.

पेंढा घालायचा असेल तर कुट्टी मशीनमधून बोटाच्या पेरापेक्षा मोठा न ठेवता घाला. लांब पेंढ्याची चटई बनते आणि दाताळं आत जात नाही. तसाही पेंढा गाईच्या तोंडात गेलेला बरा.

तीनशे चौरस फुटाला फूटभर थर म्हणजे तीनशे घनफूट माल. नुसत्या तुसाचा हिशेब केला तर साधारण नऊ-दहा क्विंटल, गोणीत दहा-बारा किलो धरलं तर ऐंशी-नव्वद गोणी. एकट्या बाईनं गिरणीवर जाऊन एवढं मागितलं तर भाव चढाच मिळतो. वीटभट्टीवाल्यांनाही तूस लागतं. म्हणून झोडणी झाल्यावर, गिरण्या जोरात चालू असताना, गटानं मिळून गाडी भरून आणा. हे काम मार्गशीर्षात करायचं, ज्येष्ठात नाही.

रोजचं काम आणि तीन परीक्षा

सकाळ-संध्याकाळ धार काढायच्या वेळी गादी आठ ते दहा इंच खोल उलटायची. दोन-तीन गाईंना दाताळं किंवा चार दातांचा पंजा पुरतो, अर्धा-पाऊण तास लागतो. पाच-सहा गाई असतील तर हातानं झेपत नाही. तिथे भातवाल्यांकडचा पॉवर टिलर किंवा छोटा पॉवर वीडर कामाला येतो. गटाच्या अवजारांत एक वीडर असेल तर दोन-तीन घरांत फिरवता येईल. उलटताना नाका-तोंडाला पदर किंवा फडकं घट्ट बांधा, तुसाची धूळ छातीला वाईट. उलटून झाल्यावर अर्धा तास वारा लागू द्या, मगच गाई आत.

गादी बरी आहे की आजारी, हे कळायला यंत्र लागत नाही.

पहिली परीक्षा लोखंडी गजाची. एक गज फूटभर आत खुपसून दहा मिनिटं ठेवा आणि काढून हात लावा. हात धरवत नाही इतका गरम असेल तर उत्तम. आत ४५ ते ६० अंश उष्णता असायला हवी. गज कोमट लागला तर हवा कमी पडते किंवा ओल वाढली आहे. थंड लागला तर गादी मेली. पृष्ठभाग मात्र गाईला पोळण्याइतका कधीच तापत नाही, ती भीती नको.

दुसरी परीक्षा मुठीची. आतला मूठभर माल दाबा. बोटांतून पाणी आलं तर फार ओला. धूळ होऊन सांडला तर फार कोरडा. हात ओलसर झाला, पण थेंब पडला नाही, तर बरोबर.

तिसरी परीक्षा गाईच्या अंगाची. मांड्यांना आणि कासेला माल चिकटून येत असेल, तर आजच्या आज नवा कोरडा थर घाला. उद्यावर टाकू नका. आमच्याकडे हिवाळ्यात दोन-तीन आठवड्यांनी घालावं लागतं, भर पावसात दर दोन-चार दिवसांनी.

नाकही वापरा. चांगल्या गादीला मातीसारखा वास येतो. आंबूस वास आला तर आत हवा नाही. डोळे चुरचुरले तर भुसा कमी आणि शेण-मूत जास्त झालं. आणि गादीवर फिनेल कधीही टाकू नका. कुजवणारे जिवाणू त्यानं मरतात.

कासेची काळजी दुप्पट

गादी कोरडी दिसली म्हणून ती निर्जंतुक नसते. त्यात जंतू भरपूर असतात. सड धुऊन, प्रत्येक गाईला वेगळ्या कोरड्या फडक्यानं पुसूनच धार काढा. पहिल्या चार धारा काळ्या कापडावर घेऊन गुठळी दिसते का बघा. धार झाल्यावर सड जंतुनाशकात बुडवा आणि गाईला लगेच गादीवर सोडू नका. सडाचं तोंड बंद व्हायला अर्धा तास लागतो. तेवढा वेळ तिच्यापुढे वैरण टाकली की ती उभी राहते. आणि तोच अर्धा तास गादीला वारा लागायला मिळतो.

माझी गादी का फसली

आता माझी चूक ऐका. जुन्या गोठ्याची भिंत काढून मी दोनशे चौरस फुटांत तीन गाई आणि एक कालवड सोडली. दिवाळीनंतर सुरुवात केली. मे महिन्यापर्यंत सगळं छान चाललं, शेजारपाजारच्या बाया बघायला यायच्या. मृग लागला. छपराची वळचण जेमतेम फूटभर बाहेर होती. पश्चिमेचा पाऊस आडवा आत आला, पागोळ्यांचं पाणी कडेनं मुरलं. कोरडं तूस मी साठवलंच नव्हतं, आणलं ते भिजलेलं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, लावणी सुरू झाली. पहाटे पाचला शेतात गेलेली मी संध्याकाळी चिखलानं माखून घरी यायची. दिवसाला दोनदा उलटायची गादी एकदा झाली, मग एक दिवसाआड झाली. आठ दिवसांत गज थंड लागला. पंधरा दिवसांत गाईचे पाय घोट्यापर्यंत रुतायला लागले. एका गाईचं मागचं सड दगडासारखं झालं. डॉक्टरांची औषधं चालू असेपर्यंत तिचं दूध ओतून द्यावं लागलं, आणि ते सड काही पूर्वीसारखं झालं नाही. भर पावसात तीन दिवस आम्ही तो चिखल उपसत होतो. सासूबाई एवढंच म्हणाल्या, “गादी चांगली होती गं, पण लावणीत तिच्याकडे बघणार कोण, हे तू विचारलंच नव्हतंस.”

खरं होतं ते. गादीला सगळ्यात जास्त हात लागतात ते नेमके त्याच महिन्यात, ज्या महिन्यात बाईचे हात रिकामे नसतात. म्हणून दुसऱ्या वर्षी मी चार गोष्टी बदलल्या.

एक, जोतं जमिनीपासून दीड फूट उंच केलं, वळचण चार फूट बाहेर काढली, छपराच्या माथ्यावर वाफ निघायला फट ठेवून तिच्यावर टोपी बसवली. पश्चिमेला झडी लावली, पण वरचे दोन फूट उघडे ठेवले. सगळं बंद केलं तर वाफ आतच राहते.

दोन, जागा वाढवली आणि कालवड दुसरीकडे बांधली.

तीन, पहिल्यांदा जेवढा माल घातला, तेवढाच पुन्हा मे महिन्यात छपराखाली कोरडा साठवला. चुलीपासून आणि राब भाजण्याच्या जागेपासून लांब.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. सुरुवात करण्याआधी घरातल्या सगळ्यांना बसवून पाळी ठरवली. सकाळची मी, संध्याकाळची मुलगा. लावणीच्या दिवसांत सकाळचीही घरधनी करतात. हे ठरलं नसतं तर मी गादी पुन्हा घातलीच नसती.

आणि एवढं करूनही एखाद्या जुलैत गज थंड लागला, तर हट्ट करू नका. गाई फरशीवर घ्या, ओला माल खड्ड्यात टाका, दसऱ्यानंतर पुन्हा घाला. आठ महिने गादी आणि चार महिने फरशी, हाही संसार वाईट नाही. गाईचं सड गमावण्यापेक्षा बराच बरा.

खत कधी काढायचं

मे महिन्यात गादी उकरून खत काढा. सगळी नाही, खालचा अर्धा फूट राहू द्या. दही लावताना आपण विरजण ठेवतो ना, तसं. त्यात जिवाणू तयार असतात, नवी गादी लवकर तापते.

काढलेलं खत तसंच भाताला टाकू नका. वरचा थर कच्चा असतो, तूसही पुरतं कुजलेलं नसतं. असं खत शेतात गेलं तर ते कुजायला जमिनीतलंच नत्र ओढून घेतं आणि रोपं पिवळी पडतात. महिना-दोन महिने ढीग लावून, झाकून, एकदा उलटून ठेवा, किंवा नाडेपमध्ये मुरवा. हाताला गरम लागेनासं झालं की खत तयार. घरच्या शेतीला लागेल तेवढं ठेवा. उरलेलं रोपवाटिकांना, फार्महाऊसवाल्यांना विकता येतं. आपल्याकडे ते दोन्ही गावोगाव आहेत. फक्त खतात प्लास्टिक, सुतळी, तार सापडली तर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही, म्हणून गादीत कचरा पडू देऊ नका. आणि एक विनंती, दुधाचे पैसे घरात जातात ते जाऊ देत, या खताचे पैसे ज्या बाईनं दाताळं धरलं तिच्या खात्यावर जावेत.

गटानं करायचं असेल तर सगळ्यांनी एकदम उडी मारू नका. यंदा एका घरी, दोन किंवा तीन गाईंवर, दिवाळीनंतर सुरू करा. एक वही ठेवा. भुसा किती आला, कोणी उलटलं, गज गरम होता का, दूध किती, कासेला सूज कुणाला. एक पूर्ण पावसाळा त्या वहीत लिहिला गेला की बाकीच्यांनी ठरवावं.

आणि सुरुवात करण्याआधी घरी एकच प्रश्न विचारा, लावणीत गादी कोण उलटणार? उत्तरात कुणाचं तरी नाव आलं, तर तूस आणायला निघा. सगळे गप्प बसले, तर यंदा नका घालू.

बरं, संध्याकाळच्या धारेची वेळ झाली. येते मी. नमस्कार.